कुंडी क्रमांक तीन

माझ्या चेरी टोमॅटोला शंभरपैकी अठ्ठ्याहत्तर मार्क पडले आणि तो चार वाणांत पहिला आला. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. आमच्या इमारतीत चौकशी केलीत तर पहिला नंबर माझ्या सासूबाईंच्या टोमॅटोचा आला, असं तुम्हाला कुणीही छातीठोकपणे सांगेल. निकाल मीच जाहीर केला होता. तेव्हा तक्रार करायची तर ती माझ्याविरुद्धच करावी लागेल, आणि माझ्याविरुद्धच्या तक्रारींची आमच्या घरात आधीच रांग आहे.

सुरुवात नोटीस बोर्डापासून झाली. गच्ची गळत होती. चार महिन्यांनी तिचं वॉटरप्रूफिंग करायचं आणि त्यानंतर दर घरामागे गच्चीवर एकच कुंडी ठेवायची, असा ठराव इमारतीच्या सेक्रेटरींनी लावला. आमच्या चार कुंड्या होत्या. चारही गेली दोन वर्षं रिकाम्याच आहेत, हा मुद्दा बायकोने काढला, पण हक्क तो हक्क. शिवाय त्याच आठवड्यात मी दुकानातून चेरी टोमॅटोच्या बियांचं पाकीट आणलं होतं. लाल, गोल, पाकिटावर फोटो वगैरे. बायकोला ऑफिसातल्या मैत्रिणीने पिवळ्या, लांबट जातीचं बी दिलं होतं. शेजारच्या सल्लागारांनी काळपट जातीचं बी आणून दिलं. या गृहस्थांचा खरा धंदा काय ते आम्हाला अजून कळलेलं नाही, पण आमच्या दारात पाऊल टाकलं की ते सल्ला देतात, म्हणून घरात त्यांना तेच नाव पडलं आहे.

चौथं बी सासऱ्यांचं. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, ते आमच्याकडे असतात. त्यांनी चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. शिशाची ती उलटी अक्षरं वाचून वाचून त्यांना सुलट-उलट सारखंच झालं आहे. सकाळी मी चहाबरोबर पेपर उघडून धरतो, तर ते समोर बसून माझ्या बाजूचं पान मागूनच, उजेडात वाचतात आणि मी शेवटाला पोचायच्या आत म्हणतात, "जावईबापू, तो सापडला हो शेवटी." मला हे आवडत नाही. पण वडीलधाऱ्या माणसाला पेपर पारदर्शक आहे म्हणून काय बोलणार?

तर त्यांनी शर्टाच्या खिशातून एक कागदाची पुडी काढली. वर सासूबाईंच्या अक्षरात 'छोटे' एवढंच लिहिलेलं. आत सात बिया.

"सगळ्या टाका," ते म्हणाले. "जपून ठेवून काय करायचंय? तिच्या हातचं एवढंच उरलंय माझ्याकडे. एकच कुंडी राहणार असेल तर ती तिची राहावी, एवढंच मला वाटतं. पण मेहेरबानी नको हं. निकालात बसली तरच."

'निकाल' हा शब्द त्यांनी माझ्यासमोर उच्चारला, इथेच चुकलं.

मी परीक्षा विभागात आहे. सव्वीस वर्षं. उत्तरपत्रिकेवरचं नाव फाडायचं, सांकेतिक क्रमांक टाकायचा, यादी मोहोरबंद करायची, हे माझं काम. माझ्या हातून एका मार्काचीही फिरवाफिरव कधी झालेली नाही. चार टोमॅटोंतून एक निवडायचा तर 'मला हा बरा वाटतो' असं म्हणून निवडणं मला शक्यच नव्हतं. मी रविवारी बसून तीन पानी नियमावली तयार केली. नियम नऊ: एखाद्या परीक्षकाचे मार्क इतरांच्या सरासरीपेक्षा दहाहून जास्त वर-खाली असतील तर ते बाद करून त्या जागी इतरांची सरासरी धरावी. नियम अकरा: निकालानंतर सात दिवसांत लेखी अर्ज केल्यास पुनर्मूल्यांकन होईल. नियम अकरा मी केवळ शोभेसाठी घातला होता.

बायकोला मी गोपनीय अधिकारी नेमलं. बिया तिने एकटीने पेरायच्या, कुंड्यांना एक ते चार क्रमांक द्यायचे, कुठल्या क्रमांकात कुणाचं बी ते कागदावर लिहून पाकीट बंद करायचं आणि निकालापर्यंत तोंड उघडायचं नाही. तसं हमीपत्र मी तिच्याकडून सही करून घेतलं. यादी आणि हमीपत्र, दोन्हींचा कागद साधा, पातळ होता. जाड कागद ऑफिसात असतो, आणि ऑफिसचा कागद मी घरी आणत नाही.

"सही कुठे करू?" तिने विचारलं.

"उजवीकडे, खाली."

"लग्नातसुद्धा एवढं विचारून घेतलं नव्हतंत," ती म्हणाली, पण सही केली.

चारही कुंड्यांत रोपं आली. दोन्ही लाल जातींची, म्हणजे माझ्या आणि सासूबाईंच्या, पानं अगदी एकसारखी होती, त्यामुळे आपलं झाड कुठलं ते मला कळेना आणि सासऱ्यांनाही कळेना. गोपनीयता म्हणतात ती हीच. मी समाधानी होतो.

आता सेक्रेटरींचं पत्र आलं. गच्चीवर पेलवेल एवढाच भार ठेवायचा असल्याने प्रत्येक कुंडीचं पाणी घातल्यावरचं वजन कळवावं. आमच्याकडे वजनकाटा एकच, माणसाचा. त्यावर कुंडी ठेवली की आकडा कुंडीखाली जाई. म्हणून मी कुंडी कवटाळून काट्यावर उभा राहिलो, सल्लागारांनी आडवं पडून आकडा वाचला, मग माझं एकट्याचं वजन घेतलं आणि वजाबाकी करून सेक्रेटरींना दिली. त्यांना वजाबाकी नको होती, मूळ आकडे हवे होते. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर यादी लागली. त्यात माझं वजन होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "पोटाकडे लक्ष द्या हो." चार जणांत म्हणाल्या.

फुलं आली तेव्हा सल्लागार म्हणाले, "नुसत्या फुलांनी काय होतंय? फळ धरायला फूल हलायला हवं. विजेचा टूथब्रश आहे ना? तो देठाला लावा." मी म्हटलं, दातांचा? ते म्हणाले, "मग काय बुटांचा?" मी माझा स्वतःचा ब्रश नेला. पहिल्या दोन कुंड्या व्यवस्थित झाल्या. तिसरीला हात ओला होता. ब्रश सटकला, कठड्यावर आपटला आणि खाली दुसऱ्या मजल्यावर सेक्रेटरींच्या खिडकीत, त्यांच्या दाढीच्या सामानात जाऊन पडला. पडला तो चालूच होता. सेक्रेटरींनी तो मला परत दिला, पण पावती घेऊन. पावतीवर वस्तूचं वर्णन होतं: 'गुरगुरणारा'.

हे सगळं मी सहन केलं, कारण एव्हाना माझं एक झाड ठरलं होतं. नियमात बसत नव्हतं, पण माणूस आहे, मन बसतंच. क्रमांक दोन हे माझंच आहे, अशी माझी खात्री झाली होती. शांत झाड. कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझा स्वभाव त्यात उतरलेला दिसत होता. मी सकाळी सहाला गुपचूप वर जाऊन त्याला एक तांब्या जास्तीचं पाणी घालायचो आणि चहाची धुतलेली पावडर मुळाशी टाकायचो.

एका सकाळी वर गेलो तर सासरे आधीच तिथे. क्रमांक तीनसमोर स्टुलावर बसलेले, हळू आवाजात काहीतरी सांगत होते. तीनला सगळ्यांत आधी फुलं आली होती. मला बघून ते गप्प झाले. मी तांब्या पाठीमागे लपवला.

"हवा छान आहे," मी म्हणालो.

"छान आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "हे तीन तिचं आहे हो. तिलाही कशातही पहिलं जायची घाई. लग्नाला निघालो तर ही आधी जाऊन दारात उभी असायची."

मला म्हणायचं होतं की असा अंदाज बांधणं नियमबाह्य आहे. पण माझ्या हातात तांब्या होता. त्यानंतर आम्ही दोघं रोज सकाळी सहाला गच्चीवर भेटायचो, हवा छान आहे म्हणायचो आणि आपापल्या कुंडीकडे वळायचो.

फळं पिकली तशी गोपनीयता ढासळली. क्रमांक एक पिवळं झालं, चार काळं झालं. सल्लागार म्हणाले, "आता काय राहिलं लपवायचं?" म्हणून परीक्षकांचे डोळे बांधायचं ठरलं. वॉटरप्रूफिंग सोमवारी सुरू होणार होतं, म्हणून परीक्षा रविवारी सकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत घेतली. परीक्षक चार: सेक्रेटरी, सल्लागार, नर्सबाई आणि सासरे. प्रत्येकाकडे पंचवीस मार्क. चव दहा, रस पाच, साल पाच, रूप पाच. डोळे बांधल्यावर रूपाचे मार्क कसे द्यायचे, ही अडचण मफलर बांधून झाल्यावर सेक्रेटरींच्या लक्षात आली. अर्धा तास चर्चा झाली. शेवटी रूप बोटांनी चाचपून ठरवावं असं ठरलं. चाचपताना सेक्रेटरींनी एक फोडला तो सल्लागारांच्या शर्टावर उडाला. त्यांना दिसलं नाही, ओलं मात्र लागलं, आणि घरात गळती आहे असं ते निकालापर्यंत म्हणत राहिले.

पिवळा बरा गेला. काळा तोंडात घोळवला गेला. मग क्रमांक दोन आला, माझा.

सेक्रेटरींचं तोंड आत ओढलं गेलं. सल्लागारांनी विचारलं, "हा कशाने धुतलाय?" नर्सबाई म्हणाल्या, "पाणी द्या." मी पाणी दिलं.  सासऱ्यांनी मात्र तो बराच वेळ तोंडात ठेवला. मग हात पुढे करून म्हणाले, "आणखी एक मिळेल?" नियमात दुसऱ्याची तरतूद नव्हती, पण मी दिला. नंतर तीन आला. सगळ्यांनी वा वा केलं. सासऱ्यांनी तोही खाल्ला आणि मान खाली घातली. मफलर सोडला तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. आंबटाने होतात तसे, असं मी मनाशी म्हटलं.

मी मार्क मांडले. क्रमांक दोन: सेक्रेटरी सहा, सल्लागार सात, नर्सबाई आठ, सासरे पंचवीस. पंचवीसपैकी पंचवीस. इतरांची सरासरी सात. फरक अठरा. नियम नऊप्रमाणे मी पंचवीसवर काट मारली आणि सात लिहिले. एकूण अठ्ठावीस. पस्तिसाच्या खाली, म्हणजे नापास. दोन महिने तांब्याने पाणी घातलेलं माझं झाड नापास झालं होतं, आणि ते मी स्वतः केलं होतं. निःपक्षपाती असण्याची हौस असेल त्याने हे एकदा अनुभवावं. क्रमांक तीन अठ्ठ्याहत्तर. पहिला.

सासरे बघत होते. मला वाटलं, चला, निदान म्हाताऱ्याचं तरी झालं.

मी खिडकीशी उभा राहिलो, सगळ्यांसमोर पाकीट फोडलं आणि कागद उजेडाला धरला. बायकोचं अक्षर स्वच्छ आहे. एक, माझं. म्हणजे तिचं. दोन, आई. तीन, हे. म्हणजे मी. चार, सल्लागार.

मी ते दोनदा वाचलं. जिंकलो होतो मी. ज्या झाडापाशी बसून सासरे दोन महिने सासूबाईंशी बोलत होते ते माझं दुकानातलं पाकीट होतं, आणि सासूबाईंना मी नुकतंच अठ्ठावीस मार्कांवर नापास केलं होतं. समोरच्या खुर्चीत सासरे हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, आमच्या ऑफिसच्या फाटकापाशी निकालाला थांबलेली माणसं बसतात तसे. ती माणसं मी सव्वीस वर्षं खिडकीतून पाहिली आहेत. खाली उतरून कधी गेलो नाही.

"प्रथम क्रमांक," मी म्हणालो, "कुंडी क्रमांक तीन. सासूबाई."

टाळ्या पडल्या. बायको माझ्याकडे बघतच राहिली. यादी तिच्याच हातची होती. मग "चहा टाकते" म्हणून आत गेली. सासरे माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होते. "असं का?" ते म्हणाले. "बरं झालं."

संध्याकाळपर्यंत हरलेल्या कुंड्या हलवायच्या होत्या. पिवळी नर्सबाईंनी नेली. काळी सल्लागारांनी परत नेली, वर 'तुम्ही छाटणीत चुकलात' म्हणाले. क्रमांक दोन कुणालाच नको होती. ती मी खाली फाटकापाशी ठेवली आणि 'कुणीही न्यावी' अशी पाटी लावली. पाटी लावताना मला फार वाईट वाटलं. मग मी घरी येऊन जेवलो.

सोमवारी सकाळी चहाच्या कपाखाली एक कागद होता. सासरे समोर नव्हते.

'प्रति, परीक्षा नियंत्रक. विषय: नियम अकरा अन्वये कुंडी क्रमांक दोनच्या पुनर्मूल्यांकनाबाबत. महोदय, क्रमांक दोन माझ्या पत्नीचा आहे. एवढा आंबट टोमॅटो दुसऱ्या कुणाला साधत नाही. पहिला पिकला की ती मला खायला द्यायची आणि माझं तोंड बघून हसायची. पस्तीस वर्षं मी दरवेळी फसलो. काल पुन्हा फसलो. निकाल वाचताना आपली नजरचूक झाली असावी. मार्क वाढवून नकोत. कुंडी परत हवी. आपला नम्र.'

इतका मुद्देसूद अर्ज माझ्या नोकरीत आलेला नाही. बायको माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"तुला माहीत होतं ते तीनशी बोलतात," मी म्हणालो. "एक शब्द बोलली नाहीस?"

"तुम्हीच सही घेतली होती ना? आणि बाबा कुठल्याही झाडापाशी बसले तरी आईशीच बोलणार होते. मी कशाला मधे पडू?" तिने अर्ज माझ्या हातातून काढून घेतला. "पण अहो, पळा आता. त्या सातांतली एकच बी उगवली होती."

मी घरच्या चपलांवर धावलो. फाटकापाशी पाटी होती, कुंडी नव्हती. सासरे तिथे उभे होते, शर्टाची बटणं वर-खाली लावलेली. "पहाटे आलो तेव्हाही नव्हती," ते म्हणाले.  त्या क्षणी माझी नियमावली कुणी माझ्या हातात दिली असती तर मी ती खाऊन टाकली असती.

कुंडी सेक्रेटरींच्या ऑफिसात निघाली. सामाईक जागेत अडथळा, बेवारस वस्तू, अनुक्रमांक चौदा. तिच्या मानेला चिठ्ठी बांधलेली होती.

"ती आमची आहे," मी म्हणालो.

"पाटीवर 'कुणीही न्यावी' आहे. म्हणजे मालकी सोडली." सेक्रेटरींनी वही उघडली. "शिवाय तुमच्या घराच्या नावावर एक कुंडी चढलेली आहे. क्रमांक तीन. दुसरी देता येत नाही."

"तीन घ्या. ही द्या."

त्यांनी चष्मा काढला. "पहिल्या नंबरची देऊन नापास घेताय?"

"हो."

"कारण लिहा. रकाना आहे."

मी बराच विचार केला आणि 'वैयक्तिक' असं लिहिलं. सेक्रेटरींनी ते वाचलं, तीनच्या ज्या टोमॅटोला त्यांनी वीस मार्क दिले होते त्याची आठवण त्यांच्या चेहऱ्यावर दिसली, आणि क्रमांक तीन पुढील आदेशापर्यंत त्यांच्या स्वतःच्या ताब्यात राहील असा शेरा त्यांनी मारला. दोन नंबर सासऱ्यांनी उचलली. मी धरतो म्हणालो तर ऐकलं नाही. तीन मजले छातीशी धरून नेली.

तेव्हापासून माझं झाड सेक्रेटरींच्या गॅलरीत आहे. रोज सकाळी मी ऑफिसला निघालो की ते तोंडात एक टाकतात आणि वरून ओरडतात, "सासूबाईंच्या हाताला तोड नाही हो! तुम्ही कोणतं लावलं होतं?" मी म्हणतो, आलंच नाही नीट. जिन्यातली माणसं हळहळतात. क्रमांक तीन मग कुणाचा, हे सासऱ्यांनी मला कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

परवा नाश्त्याला त्यांनी दोन नंबरचा पहिला नवीन टोमॅटो माझ्या बशीत ठेवला आणि समोर बसून राहिले. मी खाल्ला. माझे दोन्ही डोळे आपोआप मिटले, कान गरम झाले. डोळे उघडले तर सासरे हसत होते, खांदे हलेपर्यंत. तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. बायको ओट्याशी पाठ करून उभी होती आणि नळ उगाच चालू होता.

हसून झाल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून एक कागदाची पुडी काढून माझ्यापुढे सरकवली. "परीक्षेच्या दिवशी बशीत तीनचे चार उरले होते. बी धुऊन वाळवलंय. ठेवा."

पुडीवर शाईने काहीतरी लिहिलं होतं, पण एक अक्षर लागेना. मी म्हटलं, हे काय? ते म्हणाले, "बघा सवडीने," आणि पेपर उचलला.

मी न्हाणीघरात गेलो, दार लावलं आणि पुडी आरशासमोर धरली. अक्षर खिळ्यांसारखं एकेक सुटं, रेखीव होतं. 'जावईबापू. ७८. पहिला नंबर. कागद पातळ होता.'

मी तिथे जरा जास्तच वेळ उभा राहिलो असेन, कारण बाहेरून बायकोने दार वाजवलं. "अहो, काय करताय आत? दाढी तर झाली होती ना?"

"राहिली होती थोडी," मी म्हणालो. सव्वीस वर्षांत एक थाप नाही, आणि या एका महिन्यात मोजदाद नाही.